सतार कशी ऐकावी: तार छेडल्यानंतरचं संगीत

सतारीच्या मैफलीत नवख्या श्रोत्याचं लक्ष आधी वेगाकडे जातं. शेवटच्या झाल्यात, म्हणजे अतिवेगवान भागात, उजवा हात दिसेनासा होतो, तबल्याशी चढाओढ रंगते, टाळ्या पडतात. तो आनंद खरा आहे, पण तो येतो अगदी शेवटी. त्याआधीच्या पाऊण तासात जे घडलं ते निसटलं, तर पुढच्या वेळी आलाप सुरू होताच नजर घड्याळाकडे जाते आणि हळूहळू माणूस सतारीला जाणंच सोडतो. ही गळती थांबावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

सतार ऐकायची म्हणजे तार छेडल्यानंतर काय होतं ते ऐकायचं. नखीचा, म्हणजे मिजराबीचा, आघात क्षणभराचा असतो. नंतर तार कंपत राहते आणि सूर विरत जातो. या टिकून राहणाऱ्या सुराला वादक ‘आस’ म्हणतात. आस जिवंत असते तेवढ्यात डाव्या हाताची बोटं तार दांडीवरच्या पडद्यावर आडवी खेचतात आणि एकाच आघातातून दोन, तीन, कधी पाच स्वर निघतात. ही मींड. सतारीचा गाता गळा तो हाच. पुढची सगळी पावलं कानाला या आसेच्या मागे जायची सवय लावण्यासाठी आहेत.

ऐकण्याची तयारी

मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर सतार ऐकू नका. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांच्या, तारांचा आवाज त्यातून जवळजवळ येतच नाही आणि विरत जाणारा सूर खोलीतल्या आवाजात बुडतो. साधे का होईना, हेडफोन घ्या किंवा बरे स्पीकर लावा. आवाज मध्यम ठेवा. मोठ्या आवाजात आघात कानावर आदळतो आणि त्यामागची आस उलट झाकली जाते. सोबत दुसरं काम नको. स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवताना सतार लावायला हरकत नाही, पण ती वेळ या अभ्यासात धरू नका.

वाद्याची ओळख, कानापुरती

सतारीला सहा-सात मुख्य तारा असतात आणि त्यांच्याखाली, पडद्यांच्या खालून जाणाऱ्या साधारण 11 ते 13 बारीक तरफा. रागातलं जवळजवळ सगळं ‘बोलणं’ होतं ते पहिल्या, बाजाच्या तारेवर. शेवटच्या दोन चिकारीच्या तारा षड्जात मिळवलेल्या असतात. मधूनमधून उंच, चमकदार ‘टण्ण’ ऐकू येतो तो त्यांचा. तरफांना सहसा कोणी हात लावत नाही. वरच्या तारेवर त्यांचा स्वर वाजला की त्या आपोआप घुमतात.

पहिला कानाचा व्यायाम हाच. कोणत्याही आलापाची पाच मिनिटं लावा आणि तीन थर वेगळे करा: बाजाची तार, चिकारी, आणि मागे धुक्यासारखी राहणारी तरफांची घुमक. तिसरा थर लगेच सापडणार नाही. वादक थांबतो त्या क्षणी कान द्या. तार शांत झाल्यावरही जे उरतं ती तरफ.

आणखी एक शब्द माहीत हवा: जवारी. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा सपाट दिसला तरी त्याला अतिशय सूक्ष्म उतार असतो. कंपणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि सुराला ती झणझणीत, पसरट किनार मिळते. उतार कसा घासला आहे यावर जवारी खुली की बंद ते ठरतं. खुल्या जवारीचा आवाज उजळ, झंकाराचा. बंद जवारीचा गोलसर, गळ्याजवळचा. हा फरक पुढे बाज, म्हणजे वादनशैली, ओळखताना कामी येईल.

मराठी श्रोत्याला हे प्रत्यक्ष पाहायचं तर मिरजेला जावं. तिथली सतारमेकर गल्ली एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हे काम हाती घेतलं आणि फरीदसाहेब सतारमेकरांपासून ही परंपरा सांगितली जाते. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एखादा कारागीर जवारी काढत असेल तर त्याला विनंती करून तीच तार घासण्याआधी आणि नंतर छेडायला सांगा. त्या दोन आवाजांतला फरक एकदा कानात बसला की पुढे कुठलीही सतार ऐकताना जवारी आपोआप लक्षात येते.

राग एकच घ्या: यमन

सुरुवातीला दहा राग चाखण्याचा मोह टाळा. महिनाभर एकच राग ऐका. मी यमन सुचवतो, कारण मराठी कानाला तो आधीपासून ओळखीचा आहे. नाट्यपदांत, भावगीतांत, अभंगांत तो इतका आहे की नाव माहीत नसतानाही त्याची चाल आपल्याला ठाऊक असते.

यमनात मध्यम तीव्र आणि बाकी सगळे स्वर शुद्ध. वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, निषाद. वेळ रात्रीचा पहिला प्रहर. वर जाताना सा आणि प पुष्कळदा टाळले जातात: नि रे ग, म॑ ध नि सां. उतरताना सगळे स्वर येतात: सां नि ध प, म॑ ग रे सा. तंबोऱ्याचं ॲप लावून ‘नि रे ग’ आणि ‘प म॑ ग रे’ एवढे दोन तुकडे गुणगुणून पाहा. आवाज बेसूर लागला तरी चालेल. स्वतःच्या घशातून गेलेला स्वर कान कधीही पटकन ओळखतो.

एकाच कलाकाराचं, तीस-चाळीस मिनिटांचं, आलाप-जोड-झाला आणि गत, म्हणजे तबल्यासह वाजणारी बांधीव रचना, असलेलं एक ध्वनिमुद्रण निवडा. विलायत खाँसाहेबांचा यमन सहज मिळतो. त्यांची एक सवय नवख्यांसाठी फारच उपयोगी आहे: ते मैफलीत अधूनमधून ओळ आधी गाऊन दाखवत आणि मग तीच सतारीवर वाजवत. अशी जागा सापडली तर पुन्हा पुन्हा ऐका. गळ्यातली मींड आणि तारेवरची मींड एकमेकांशेजारी ठेवलेली मिळते. आसेचा अर्थ यापेक्षा सोपा करून कोणीच सांगू शकणार नाही.

आलाप: इथे सर्वात जास्त वेळ द्या

आलापात तबला नसतो, ठेका नसतो. ‘काहीच घडत नाही’ अशी तक्रार याच भागाबद्दल असते. खरं तर सगळ्यात जास्त इथेच घडतं, फक्त ते आघातांच्या मधल्या जागेत घडतं. आलापाची पहिली दहा मिनिटं घ्या आणि तीच चार वेळा, शक्यतो चार वेगवेगळ्या दिवशी ऐका. दर वेळी एकच काम.

पहिल्यांदा फक्त सा शोधा. वादक फिरून जिथे येतो, जिथे आल्यावर तंबोरा आणि सतार एकजीव वाटतात, तो सा. तो आला की मनात खूण करा.

दुसऱ्यांदा न्यास पाहा. वाक्य कुठल्या स्वरावर थांबतं? यमनात ते गंधारावर, निषादावर, पंचमावर, ऋषभावर थांबताना दिसेल. मध्यमावर वादक सहसा मुक्काम करत नाही, तिथून पुढे किंवा मागे सरकतो. रागाला व्यक्तिमत्त्व येतं ते अशाच आवडीनिवडींमुळे. रागाचे स्वर पाठ असूनही राग न ओळखणारा श्रोता असतो आणि स्वरांची नावं न कळताही राग ओळखणारा श्रोता असतो. दुसऱ्याने न्यास ऐकलेला असतो.

तिसऱ्यांदा आघात मोजा. एक आघात ऐकू आला, आता पुढचा आघात येईपर्यंत किती स्वर गेले? सुरुवातीला ‘सूर हलला’ एवढंच कळेल. मग कळेल की तो वर गेला आणि परत आला. आणखी काही दिवसांनी कळेल की ऋषभाच्या पडद्यावर तार खेचून गंधार काढला, तिथे क्षणभर थांबला, वर मध्यमाला स्पर्श केला आणि पुन्हा गंधारावर उतरला. हे सगळं एका आघातात. इथे एक विचार करून पाहा. गंधाराचा पडदा शेजारीच आहे. बोट तिकडे सरकवलं असतं तर गंधार मिळालाच असता. तरीही वादक ऋषभावरून खेचून तिथे जातो, कारण गंधारापर्यंतचा प्रवास त्याला ऐकवायचा असतो. खेचताना तार कुठे थांबवायची हे सांगायला पडदा नसतो, फक्त कान असतो. चांगल्या वादकाचा खेचलेला गंधार पडद्यावरच्या गंधाराइतकाच सुरेल असतो. ही गोष्ट ऐकू येऊ लागली की मला विचाराल तर निम्मा अभ्यास झाला.

चौथ्यांदा रागाची वाढ पाहा. साधारण मध्य सप्तकाच्या सा भोवती सुरुवात होते, मग वादक मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरतो, तिथून एकेक स्वर उलगडत वर येतो. नवा स्वर तो लगेच देत नाही. आधी त्याच्या अवतीभोवती फिरतो, स्पर्श करून मागे येतो आणि मग एकदा त्यावर उभा राहतो. तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, कधी लागतो याची वाट पाहा. वाट पाहायला लागलात म्हणजे आलाप तुम्हाला लागला. मधूनमधून एक छोटी लयदार आकृती येऊन प्रकरण संपल्याची खूण करते, तिला मोहरा म्हणतात. तो दिसला की दम घ्या, पुढचं प्रकरण सुरू होतंय.

जोड आणि झाला

जोडात लय येते, पण तालाचं आवर्तन नसतं. बोटाने मांडीवर ठोका धरून पाहा. ठोका धरता आला तर जोड सुरू झाला, सुटत असेल तर अजून आलाप आहे. जोड टप्प्याटप्प्याने वाढत जातो, गमक, म्हणजे स्वरांचे हेलकावे, जोरकस होतात, चिकारी लयीचे कोपरे भरत जाते. झाल्यात, तो जोडानंतरचा असो की गतीच्या शेवटचा, एक आघात बाजाच्या तारेवर आणि पुढचे तीन चिकारीवर असा साधा साचा असतो. ऐकताना चिकारीचा गजर मागे ढकला आणि बाजाच्या तारेवरचे तेवढेच स्वर वेचा. ते जोडून पाहिले की आलापातलंच एखादं वाक्य सापडतं.

गत: आता मात्रा मोजा

तबला आला की गत सुरू झाली. इथे डोकं वापरावं लागतं, थोडंच.

तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांच्या पेरांवर मोजा. एका बोटाची तीन पेरं आणि टोक मिळून चार मात्रा, चार बोटांच्या सोळा. पहिल्या मात्रेला सम, पाचव्या आणि तेराव्याला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात. ठेका असा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

हरवलात तर डग्ग्याकडे, म्हणजे तबलजीच्या डाव्या हाताकडच्या वाद्याकडे, कान द्या. खालीच्या भागात, दहाव्या मात्रेपासून, डग्ग्याची घुमक थांबते आणि फक्त तबल्याचा कोरडा बोल उरतो. चौदाव्या मात्रेला घुमक परत येते. ती परत आली की चौदा, पंधरा, सोळा आणि लगेच सम. या एका खुणेवर कितीही वेळा हरवून परत येता येतं.

विलंबित गत बहुधा मसीतखानी असते. तिचे बोल, म्हणजे नखीच्या आघातांचे उच्चार, पाठ करा, कारण ते जवळजवळ सगळीकडे तेच असतात: दिर दा दिर दा रा, दा दा रा, आणि पुन्हा तेच. सुरुवात बाराव्या मात्रेपासून होते. ‘दिर दा दिर दा रा’ या पाच मात्रांत सोळावी मात्रा संपते आणि पुढचा ‘दा’ समेवर पडतो. तोंडाने म्हणून पाहा: दिर दा दिर दा रा, आणि दाला मांडीवर थाप. दहा आवर्तनं म्हटलीत की सम येण्याआधीच तिची चाहूल लागते. द्रुत गत बरेचदा रजाखानी असते. तिथे मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा गतीचा सुरुवातीचा तुकडा, वेगवेगळ्या मात्रेवरून उठतो, म्हणून बोल पाठ करण्यापेक्षा मुखड्याची चाल कानात धरा.

गत शिकायची सर्वात चांगली वेळ कोणती? तबलावादक एकट्याने रंग भरत असतो तेव्हा. त्या वेळी सतारिया गत न बदलता पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, जेणेकरून आवर्तन हातात राहील. बहुतेक श्रोते तेव्हा फक्त तबला ऐकतात. तुम्ही सतारीला धरून राहा. दोन-तीन मिनिटांत गत पाठ होते आणि मग तबल्याचा पलटा समेवर कसा येऊन पोचतो तेही कळतं.

मग तोडे, म्हणजे गतीच्या मधले वेगवान तुकडे, आणि तिहाया येतात. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून तिसऱ्याचा शेवट नेमका समेवर किंवा मुखड्याच्या तोंडाशी आणणं. तुकडा दुसऱ्यांदा ऐकू आला की ‘आता तिसरा’ म्हणून सावध व्हा. पण इथेही मूळ गोष्ट विसरू नका. तानेच्या भरधाव स्वरांमध्येच अचानक एखादी मींड येते, आघात थांबतात आणि सूर खेचला जातो. विलंबित गतीत तर अशा जागा भरपूर सापडतात. माझ्या मते, चांगला सतारिया ओळखायचा तो याच जागांवरून. वेग रियाजाने बऱ्याच जणांना साधतो, पण वेगाच्या मध्ये असं थांबणं फार थोड्यांना.

आता बाज वेगळे करा

एका यमनाशी मैत्री झाल्यावर दुसऱ्या हाताचा यमन ऐका. विसाव्या शतकातल्या मोठ्या वादकांचे हात इतके वेगळे आहेत की फरक नवख्यालाही कळतो.

पंडित रविशंकर (1920–2012) मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य. त्यांच्या सतारीला खर्ज आणि मंद्र पंचमाच्या जाड तारा आहेत, त्यामुळे आलाप खूप खोल उतरतो, बीन आणि सूरबहार या खोल आवाजाच्या तंतुवाद्यांच्या प्रांतात. जवारी खुली. लयीची गणितं, वेगवेगळ्या मात्रांचे ताल, कर्नाटक संगीतातले राग हे सगळं त्यांच्याकडे ठळक.

उस्ताद विलायत खाँ (1928–2004) इमदादखानी घराण्याचे. त्यांनी जाड तारा काढून गंधाराची तार आणली. म्हणून वाक्य संपल्यावर त्यांच्याकडे तारांचा भरलेला झंकार येतो आणि त्यात गंधार ऐकू येतो. जवारी बंद, मींड लांबलचक, खयाल गायकीच्या वळणाची. याला गायकी अंग म्हणतात. कानाने ओळखायची सोपी खूण अशी: आलाप फार खाली, जाड आवाजात गेला तर मैहरची रचना, वाक्यामागे गंधाराचा झंकार आला तर विलायतखानी.

पंडित निखिल बॅनर्जी (1931–1986) हेही मैहरचे. अल्लाउद्दीन खाँसाहेबांनंतर ते त्यांचे पुत्र सरोदवादक अली अकबर खाँ आणि कन्या अन्नपूर्णादेवींकडे शिकले. वाद्याची रचना रविशंकरांच्या वळणाची, पण मींडेचा विस्तार असा की दोन्ही वाटा एकत्र आल्यासारख्या वाटतात. आलाप आवडायला लागला असेल तर यांच्याकडे जा. मुंबईत राहिलेल्या उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ (1927–2017) यांचा जाफरखानी बाज वेगळाच आहे. तिथे डावा हात मींडेबरोबर कृंतन आणि जमजम्यातही रमतो, म्हणजे आघाताशिवाय बोटांनीच तार छेडून, दाबून स्वर काढतो. आसेतून किती प्रकारे स्वर काढता येतात याचं ते उत्तम उदाहरण आहे.

आपल्या जवळची एक वाटही आहे. बीनकार बंदे अली खाँ यांचे शिष्य रहिमत खाँ धारवाडला स्थायिक झाले. त्यांचे नातू उस्ताद उस्मान खाँ यांनी पुण्यात ही परंपरा आणली. इटावा, म्हणजेच इमदादखानी, घराण्याचे उस्ताद शाहिद परवेझही पुण्याचेच झाले. म्हणजे पुण्याच्या श्रोत्याला दोन वेगळे बाज गावातच ऐकायची सोय आहे. ती जरूर वापरावी.

मैफलीला जाताना

शक्य असेल तर पहिल्यांदा लहान बैठकीला जा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासूनचा, त्याचं वातावरण अनुभवावंच, पण हजारोंच्या मांडवात आस ऐकायला कान तयार लागतो. वेळेआधी पोचा. सतार जुळवताना कलाकार तरफांवरून करंगळीचं नख फिरवतो. तरफा रागाच्या स्वरांतच मिळवलेल्या असतात, त्यामुळे राग जाहीर व्हायच्या आधीच त्याचे स्वर क्रमाने ऐकायला मिळतात. तीव्र मध्यम ऐकू येतो का, ऋषभ कोमल आहे का, हे तिथेच ताडून पाहा. 1971 मध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी झालेल्या मदत कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं जुळवली तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. जुळवणी एवढी आवडली तर वादन त्याहून आवडेल अशी आशा रविशंकरांनी तिथल्या तिथे बोलून दाखवली. आपण टाळी वाजवू नये, पण ऐकावं मात्र जरूर.

आलाप चालू असताना उठू नका. जायचंच असेल तर झाला संपून गत सुरू होण्याच्या मध्ये जा. दाद द्यायची ती मींड पूर्ण झाल्यावर, विरत्या सुरावर नाही. मोठ्याने ‘वाहवा’ म्हटलं की शेजाऱ्याची आस गेली. समेला मान हलली तर तेवढी दाद कलाकाराला दिसते.

यमनानंतर

पुढचा राग बिहाग घ्या. वादी गंधार आणि संवादी निषाद यमनासारखेच, पण चढताना रे आणि ध वगळलेले, शुद्ध मध्यम ठळक आणि तीव्र मध्यमाचा फक्त स्पर्श. त्याच गंधारावर वादक किती वेगळ्या दिशेने येतो हे चटकन कळेल. मग सकाळचा तोडी, कोमल स्वरांवरच्या मींडेसाठी. कान तयार झाला असं वाटलं की पुरिया, मारवा आणि सोहनी. तिन्हींचे स्वर तेच, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. पुरियात भर ग-नि वर आणि मंद्रात, मारव्यात रे-ध वर आणि सा बराच वेळ टाळलेला, सोहनीत सगळी वर्दळ तार सप्तकात. तिन्हींच्या आलापांची पहिली दहा-दहा मिनिटं एकापाठोपाठ ऐका आणि न्यास कागदावर लिहून काढा. सोहनी रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा आहे, अभ्यासापुरता तो संध्याकाळी ऐकला तरी चालेल.